सूपभर कोंड्याचा साहेब

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा त्याच्याकडे सगळं नवं होतं, फक्त पाऊस तेवढा नव्हता. उस्मानाबादेतून वेगळं निघून वर्षही झालं नव्हतं. नवी विटी, नवं राज्य. पाट्या रंगल्या होत्या, शिक्के कोरून आले होते, खुर्च्या मात्र अजून वाटेतच होत्या. त्यामुळे आरोग्याच्या त्या नव्या कचेरीत मोठे साहेब तेवढे बसायचे आणि बाकीचे उभ्याने सरकार चालवायचे.

रेणुकादास माहूरकर हा त्या उभ्या मंडळींतला एक. मूळ माहूरचा, वाढला नांदेडला, संख्याशास्त्र शिकलेला, पँटची इस्त्री मोडू नये म्हणून एसटीतही जपून बसणारा. लग्न व्हायचं होतं. नांदेडच्या घरी आई होती, सौदामिनीबाई, शाळेतून निवृत्त झालेली. तिने पोराला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. एक, अक्षर सुवाच्य असावं. दुसरी, पाण्याला कधी नाही म्हणू नये. कुणी मागितलं तर द्यावं, कुणी दिलं तर प्यावं. या दुसऱ्या शिकवणीने पुढे पोराचे काय हाल झाले ते येईलच.

त्या उन्हाळ्यात साहेबांनी त्याला काम दिलं ते असं : पाच वर्षांच्या आतली लेकरं कशाने दगावतात, ते घरोघर जाऊन विचारायचं. कारण कळलं तर उपाय करता येईल. टँकर कुठे लावायचा, औषध कुठे धाडायचं, नर्सबाई कुठे पाठवायची ते ठरेल. आजवर गावागावांतून सगळ्या मृत्यूंपुढे ‘ताप’ एवढंच लिहून यायचं. ताप दोन अक्षरांत मावतो, हे त्याचं मुख्य कारण असावं.

रेणुकादासच्या वाट्याला आली हिप्पळवाडी. उदगीरच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीला खेटून. गावात दोन गल्ल्या, वरची आणि खालची. सरपंच बसलिंगप्पा वरच्या गल्लीत राहायचे. उदगीरच्या मोंढ्यात त्यांची आडत होती, फेटा मोठा होता आणि मन त्याहून मोठं होतं. दहा-अकरा वर्षांमागच्या दुष्काळातच त्यांनी आपल्या मळ्यातली पायऱ्यांची विहीर खालच्या गल्लीला मोकळी करून दिली होती. विहिरीवर दगड बसवला होता : मातोश्री पार्वतम्मा यांचे स्मरणार्थ. हापसा वरच्या गल्लीत, टँकरही वरच्या गल्लीतच रिकामा व्हायचा. खालच्यांना आईची विहीर आहे की, मग टँकर कशाला, असा त्यांचा सरळ हिशोब होता.

खालच्या गल्लीत पहिल्या दाराशी रेणुकादासने घसा साफ केला आणि विचारलं की या घरात एखादं लहान मूल मागच्या काही वर्षांत दगावलं आहे का. घरच्या बाईने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग देवळीतल्या दिव्याकडे पाहिलं आणि म्हणाली, आमच्यात न्हाई बा, शेजारी विचारा. शेजारी म्हणाले, त्याच्या शेजारी विचारा. अशा रीतीने सगळी गल्ली फिरून तो पुन्हा पहिल्या घरापाशी आला, तेव्हा त्या बाईने त्याला विचारलं की शेजारी काय म्हणाले. गल्लीत एकही मूल कधी गेलं नव्हतं. सगळी गल्ली अमर होती.

गेलेल्या लेकराचं नाव घेतलं की मागे राहिलेल्याला दृष्ट लागते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तेवढं सोडून बाकी सगळं त्याला मिळालं, म्हणजे प्रत्येक घरात बसायला पोतं आणि प्यायला तांब्याभर पाणी. दुष्काळात लोक पाणी देतात म्हणजे काळीज काढून देतात. आईची शिकवण पक्की. त्याने कुठेही नाही म्हटलं नाही.

शेवटचं घर शांतम्माचं. कोवळी बाई, मांडीवर वर्षाच्या आतलं पोर. त्याचं नाव काय विचारलं, तर नाव ठेवलेलंच नव्हतं. नाव ठेवलं की ते यमाच्या कानावर जातं. रेणुकादासने आपला नेहमीचा प्रश्न काढला तशी तिने पोराचं डोकं पदराखाली घेतलं.

“झालं गेलं कशाला विचारता साहेब?” ती हळूच म्हणाली. “ह्ये ऱ्हाईल का, तेवढं सांगा.”

रेणुकादासच्या साऱ्या संख्याशास्त्रात याचं उत्तर नव्हतं. तो पाणी प्यायला आणि उठला. पण तो प्रश्न त्याच्या पाठोपाठ शाळेच्या ओट्यापर्यंत आला, जिथे त्याची मुक्कामाची सोय केलेली होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच साहेबाच्या पोटात नवा जिल्हा निर्माण झाला. टमरेल घेऊन तो बाभळींकडे निघाला, परत आला आणि बसायच्या आत पुन्हा निघाला. इस्त्रीची तमा राहिली नाही. पोरं आधी हसली, मग कंटाळली, कारण गंमत फारच वारंवार होऊ लागली. ऊन डोक्यावर येईतो त्याच्या पायांतलं बळ गेलं आणि बाभळींकडून परतताना तो जो कोसळला, तो नेमका खालच्या गल्लीच्या उकिरड्यापाशी.

बायका धावल्या. सगळ्यांत पुढे गुरम्मा. गुरम्मा ही गल्लीची सुईण; गल्लीतलं बहुतेक प्रत्येक पोर तिच्या हातावर पडलेलं, आणि गल्लीतल्या मोठ्यांनाही ती अजून त्याच नजरेने बघायची. तिने साहेबाचे डोळे पाहिले, जीभ पाहिली आणि कपाळाला हात लावला. सरकारचा माणूस गावात मेला तर पोलीस येतील, पंचनामा होईल, आणि उकिरडा तर समोरच होता. तिने क्षणाचाही विचार केला नाही.

लेकरू जगावं म्हणून गल्लीत करतात तसं साहेबाला उचलून उकिरड्यावर ठेवण्यात आलं. अंगावर जुनं लुगडं टाकलं. गुरम्मा मोठ्याने म्हणाली, हे कुणाचं टाकलंय? सगळी गल्ली एका सुरात म्हणाली, कुणाचंच न्हाई. मग विकणारं कुणीतरी हवं म्हणून जवळ उभ्या असलेल्या शांतम्माला पुढे ढकललं. गुरम्माने घरातून सूपभर कोंडा आणून तिच्या पदरात ओतला, साहेबाला लुगड्यासकट उचलायला लावलं आणि जाहीर केलं की हा उकिरडा आता आपला आहे. यमाने यावं, हुंगावं आणि नाक दाबून परत जावं. पदवीधर रेणुकादास माहूरकर सूपभर कोंड्याला विकला गेला. सौदा झाला तेव्हा मालाला विचारायची पद्धत नव्हती.

आता त्याची बाज गुरम्माच्या अंगणातल्या लिंबाखाली होती आणि त्याच्यावर मालकीणबाईंची सत्ता होती. पहिला हुकूम सुटला : पाणी बंद. जुलाब असताना पाणी दिलं की जुलाब वाढतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. रेणुकादासने ओठ चाटत दोनदा विनंती केली. गुरम्माने त्याच्या पाठीवर मायेने थापटलं आणि तांब्या आणखी लांब सरकवला.

पण एक गोष्ट अशी झाली, जी त्याच्या इस्त्रीच्या पँटला जमली नव्हती. बायका त्याच्यासमोर बोलू लागल्या. कालपर्यंत तो कचेरीचा माणूस होता, आज उकिरड्यावरून आणलेला जिन्नस. जिनसापुढे कसली भीड? एक म्हणाली, आमच्या कल्ल्याच्या आधीचं असंच झालं होतं, आधी पाण्यागत, मग डोळे आत गेले. दुसरी म्हणाली, माझी बी तशीच, पाणी पाणी करून गेली. कुणी नावं घेतली नाहीत. ‘आधीचं’ आणि ‘मधलं’ एवढंच. पण जे एकाही दाराआडून निघालं नव्हतं, ते लिंबाखाली आपोआप निघालं. रेणुकादास डोळे मिटून पडला होता आणि त्याचे कान ताठ झाले होते.

दिवस कलला आणि आया पोरांना हाका मारू लागल्या. वरून हाका आल्या : महादेव, रेवणप्पा, विनीता. खालून हाका गेल्या : ए उकिरड्या, ए कोंड्या, ए दगड्या, ए कल्ल्या, ए तिप्प्या. रेणुकादासने गुरम्माला विचारलं की कल्ल्या आणि तिप्प्या म्हणजे काय.

“कल्लु म्हंजे दगड, तिप्पे म्हंजे उकिरडा. कानडी हाय,” गुरम्मा म्हणाली. “यम कोन्त्या मुलखातनं येतोय कुणाला म्हाईत? आपलं दोनी भाषेत ठिवावं.”

रेणुकादास बाजेवर उठून बसला. म्हणजे दगड्याच्या आधीचं कुणीतरी गेलं, म्हणून तो दगड्या. कोंड्याच्या आधीचं गेलं, म्हणून तो कोंड्या. जे सांगायला कुणी तयार नव्हतं, ते या आया रोज तिन्हीसांजेला घसा फोडून ओरडत होत्या. आणि वरच्या गल्लीत, त्याच गावात, त्याच दुष्काळात, एकही दगड नव्हता की उकिरडा नव्हता. वरचे हापशाचं आणि टँकरचं पाणी प्यायचे. खालचे पार्वतम्माचं. आणि काल दिवसभर तोही पार्वतम्माचंच प्यायला होता. त्याने आपल्या पोटावर हात ठेवला. पुरावा आतच होता.

मग मात्र त्याने मालकिणीविरुद्ध बंड केलं. पाणी उकळायला लावलं, गार करवलं, त्यात साखर आणि चिमूट मीठ घातलं आणि घोट घोट प्यायला सुरुवात केली. साहेब आता मरणार म्हणून सगळी गल्ली बघायला जमली. म्हाताऱ्या पुढे बसल्या, पोरं भिंतीवर चढली. तो पीत राहिला. बराच वेळ झाला तरी मरेना. पुढच्या दिवशी दुपारी तर त्याने भात मागितला, आणि जमलेली मंडळी थोडी हिरमुसून घरी गेली. गुरम्मा म्हणाली की हा उकिरड्याचा गुण आहे. शांतम्माचं लक्ष गुरम्माकडे नव्हतं. ती सगळा वेळ तांब्याकडे बघत होती.

त्याच संध्याकाळी तिच्या पोराला जुलाब लागले. पाण्यागत.

सगळी सोंगं गळून पडली. गुरम्मा म्हणाली पाणी बंद कर, मी उकिरड्यावर नेते. शांतम्माने पोराला छातीशी धरलं आणि म्हणाली, आत्या, आधीच्या दोघांच्या येळी तुझं ऐकलं. एवढंच म्हणाली. मग तिने पाणी उकळलं, मीठ-साखर घातली आणि चमच्याने देऊ लागली. पोराने ओकून टाकलं की ती थांबायची आणि पुन्हा द्यायची. रेणुकादास उंबऱ्याबाहेर बसून राहिला. त्याला खरोखर भीती वाटत होती. आपण वाचलो ते या उपायाने की नुसत्या नशिबाने, हे एका माणसावरून सांगता येत नाही, हे त्याला शिकवलेलं होतं. त्या क्षणी त्याला ते शिक्षण नकोसं झालं.

दोन दिवस शांतम्मा चमचा हलवत होती. पोर रडायचं, पण कोरडं, डोळ्यांत टिपूस नाही. मग सकाळी एकदा ते किंचाळून रडलं आणि दोन्ही गालांवरून पाणी वाहिलं. शांतम्माने ते बोटाने पुसून पाहिलं, चाटून पाहिलं आणि खदखदून हसत सुटली. रडणाऱ्या पोराला बघून हसणारी आई रेणुकादासने पहिल्यांदाच पाहिली. तोही हसला, आणि मग त्याला नाक पुसायला रुमाल सापडेना.

आता विहीर. रेणुकादास पायऱ्या उतरून बघून आला होता. पाणी तळाला गेलेलं, लोक पायांसकट आत उतरायचे, खालच्याच पायरीवर पोरांची दुपटी धुवायचे आणि तेच ओघळून पुन्हा आत जायचं. उपाय सोपा होता. पायऱ्या बंद करायच्या, वरून पोहऱ्याने शेंदायचं, पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकायची आणि टँकर खालच्या गल्लीत आणायचा. अवघड होतं ते बसलिंगप्पांना सांगणं.

चावडीत सगळं गाव जमलं. रेणुकादासने सांगितलं, चाचरत सांगितलं, पण सगळं सांगितलं. बसलिंगप्पा उठून उभे राहिले. ते रागावले नव्हते, त्यांना लागलं होतं. माझ्या आईच्या नावाची विहीर, ते म्हणाले, पुण्य म्हणून दिली, आणि तुम्ही म्हणता तिच्या पाण्याने लेकरं जातात? आईच्या नावाला कुलूप लावू? त्यापेक्षा माझा फेटा उतरवा.

“तिप्प्या, खाली बस,” मागून गुरम्मा म्हणाली.

सगळ्या माना मागे वळल्या. बसलिंगप्पांना या नावाने हाक मारलेली गावातल्या कुणी ऐकली नव्हती.

“तुला उकिरड्यावरनं माझ्या मायनं उचललं, मी सूप धरलं होतं,” गुरम्मा म्हणाली. “तुझ्या आधीची चार पार्वतम्माच्या वटीतनं गेली म्हणून. ती कधी कुणाजवळ बोलली न्हाई. तिच्या नावाचा दगड लावलास, बरं केलंस. पर तिला इचारलं असतंस, तर ती काय म्हणली असती?”

बसलिंगप्पा खाली बसले. फेटा त्यांनी स्वतःच काढला, मांडीवर घेतला. मग टँकरच्या ड्रायव्हरला निरोप धाडला की उद्यापासून खाली जायचं. विहिरीच्या पायऱ्यांना त्यांनी आपल्या खर्चाने लोखंडी दार बसवलं. पावडर तर त्यांनी स्वतःच्या हाताने टाकली, आणि आईचं काम म्हणून इतक्या उदार हाताने टाकली की आठवडाभर गावात दवाखान्याचा वास येत होता. रेणुकादासला परत जाऊन त्यांना माप शिकवावं लागलं.

दिवाळीच्या सुमारास निरोप आला की शांतम्माच्या पोराचं नाव ठेवायचं आहे आणि उकिरडे साहेबांनी यायलाच पाहिजे. हो, आता त्याला त्या गावात माहूरकर कुणी म्हणत नव्हतं. रेणुकादासने आईलाही नेलं. कोंड्याला विकलं गेल्याची गंमत त्याने पत्रातून कळवली होती, तेव्हा आईने उत्तरात हवापाणी लिहिलं होतं आणि त्या गमतीबद्दल अक्षर लिहिलं नव्हतं. तिला राग आला असेल असं तो समजला.

अंगणात बायका जमल्या होत्या. गुरम्माने सौदामिनीबाईंना पाटावर बसवलं आणि सगळ्यांसमोर आपला हक्क सांगितला. कायद्याने हा पोरगा आता गुरम्माचा. खऱ्या आईला पाहिजे असेल तर तिने सोडवून न्यावा. बायका हसल्या. सौदामिनीबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, सूप कुठे आहे? कुणीतरी सूप आणलं, कोंडा आणला.

गुरम्मा कसलेली. तिने सूप पाहिलं आणि मान हलवली. घेतला तेव्हा हा अर्धमेला माल होता, ती म्हणाली, आता भात खाऊन धट्टाकट्टा झालाय, सूप शिगेला भरलं पाहिजे. सौदामिनीबाईंनी ओंजळीने आणखी कोंडा घातला. गुरम्मा म्हणाली, अजून. त्यांनी अजून घातला. मग ओंजळ सुपातच राहिली.

“याच्या आधी दोन होती माझी,” त्या म्हणाल्या. आवाज शाळेत शिकवायचा तसाच स्वच्छ होता. “पाणी मागत होती. घरचे म्हणाले देऊ नका, मी दिलं नाही. म्हणून हा झाला तेव्हा माहूरच्या देवीच्या पायाशी टाकला आणि तिच्याकडून मागून घेतला. म्हणून रेणुकादास.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं आपल्यात म्हणतात. साऱ्या गल्लीची दारं ठोठावून जो प्रश्न रेणुकादासने विचारला होता, तो त्याने आपल्या घरात कधी विचारला नव्हता. पाण्याला नाही म्हणू नये, हे आई का शिकवत होती, ते त्याला आता कळलं. तो आईशेजारी मातीतच बसला, इस्त्रीसकट.

गुरम्माने पदराने डोळे पुसले. मग सूप ओढून घेतलं, त्यातला निम्मा कोंडा सौदामिनीबाईंच्या पदरात परत ओतला आणि निम्मा ठेवून घेतला.

“अर्धा तुझा, अर्धा माझा,” ती म्हणाली. “लई झालं.”

पोराच्या नावावरून मात्र थोडी बोलाचाली झाली. गुरम्माचं म्हणणं, एकदा उकिरड्यावरून फिरवून तिप्पण्णा ठेवू, वाईट काय आहे त्यात, तिप्पण्णाचा सरपंच होतो. शांतम्माने ऐकलं नाही. पाळण्यात घालून पोराचं नाव ठेवलं शिवलिंग. पोर पाळण्यात ओलं होऊन पडलं होतं, त्याला काही फरक पडला नाही.

तिन्हीसांज झाली. वरून हाका सुरू झाल्या, खालून हाका सुरू झाल्या. दगड्याला बोलावलं, कोंड्याला बोलावलं, दोन्ही भाषांतले उकिरडे धावत घरी आले. शांतम्मा उंबऱ्यात बसली होती. पोर तिच्या मांडीवर होतं. त्याला चालता येत नव्हतं, रांगताही धड येत नव्हतं, हाक मारून बोलवायची काहीच गरज नव्हती. तरी तिने मान वर केली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली, ए शिवलिंगा, घरी ये.

वरच्या गल्लीतला एक शिवलिंगा चुकून खाली येऊन गेला.